अध्यक्ष व्हा, पण चेकबुक हातात आल्यावर

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"मी फोंड्याचा. जमीन-घरांच्या व्यवहारात चौदा वर्षं आहे. आम्हा मालमत्ता एजंटांची नोंदणीकृत संस्था आहे. यादीवर १४० सभासद, वर्गणी वर्षाला ३,००० रुपये, पण यंदा ती ९० जणांनीच भरली. दोन वर्षं मी सचिव आहे. कार्यकारिणी अकरा जणांची, काम करणारे तिघं. आताचे अध्यक्ष सहा वर्षं खुर्चीत आहेत. चेकबुक, शिक्का, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सगळं त्यांच्याकडे. जुलैच्या सर्वसाधारण सभेत मला अध्यक्ष करायचं घाटतंय. सभासदांना कमिशनचा एकच दर ठरवून हवाय. दोघा सभासदांचं एका गिऱ्हाइकावरून भांडण आलंय, निवाडा मी करावा असं दोघंही म्हणतात. एक बिल्डर मेळाव्याला दीड लाख द्यायला तयार आहे. इकडे माझा स्वतःचा धंदा गेल्या हंगामात बसला. बायको म्हणते, लोकांच्या पंगतीत वाढता वाढता आपलंच पान रिकामं राहिलं. मी हो म्हणू का? आणि म्हटलं, तर लोकांकडून काम करून कसं घ्यायचं?"

नमस्कार,

पत्नीच्या वाक्यापासूनच सुरुवात करू, कारण खरा हिशेब तिथं आहे. कागद घ्या आणि अध्यक्षाचे महिन्याचे तास मांडा. मासिक बैठक दोन तास, तिची तयारी आणि इतिवृत्त तपासणं आणखी दोन. पणजीला एखादी सरकारी फेरी, निवेदन किंवा भेट, म्हणजे अर्धा दिवस. कार्यक्रमाचा महिना असेल तर वर एक पूर्ण दिवस. आणि फोन. फोन दिवसाला अर्धा तास धरला तरी महिन्याचे पंधरा तास होतात. एकूण तेवीस, कार्यक्रमाच्या महिन्यात एकतीस. निम्म्याहून जास्त किंवा निम्म्याच्या आसपास वेळ नुसता फोन खातो, आणि तोही सकाळी दहा ते एक, म्हणजे नेमका तुम्ही गिऱ्हाइकाला जागा दाखवायला न्यायच्या वेळेत. तुमचा हंगाम बसला तो बैठकांनी नाही, या फोनांनी बसला असण्याची शक्यता जास्त.

बहुतेक फोनांना अध्यक्षाची गरजच नसते. सनदेसाठी (जमीन बिगरशेती करायच्या परवानगीसाठी) अमुक कागद लागतो का, सब-रजिस्ट्रारकडे आज सर्व्हर चालू आहे का, वर्गणी कुठल्या खात्यात भरू. त्यासाठी अर्धवेळ माणूस ठेवा. ९० जणांची वर्गणी २,७०,००० होते. महिन्याला १०,००० दिले तर वर्षाचे १,२०,००० जातात, आणि "संस्थेच्या पैशानं पगार कशाला?" हा प्रश्न सभेत नक्की येईल. उत्तर सोपं आहे: यादीतल्या पन्नास थकबाकीदारांपैकी चाळीसजण पाठपुराव्यानं भरते झाले तर हा खर्च तिथंच निघतो. अमेरिकेतल्या रिअल्टर, म्हणजे मालमत्ता एजंटांच्या, संघटनांतही धोरण ठरवणारे निवडून आलेले पदाधिकारी वेगळे आणि कचेरी चालवणारा पगारी माणूस वेगळा, अशीच विभागणी असते. आपल्याकडे मात्र अध्यक्षानंच पत्रांवर पत्ते चिकटवले की त्याला सेवाभाव म्हणतात.

उरलेल्या फोनांसाठी दोन वेळा जाहीर करा: दुपारी तीन ते साडेतीन, संध्याकाळी सात ते साडेसात. एरवी मेसेज. पहिले दोन महिने लोक कुरकुरतील, मग सवय होईल.

तर हो म्हणा. पण सभेच्या दिवशी नव्हे, आणि बिनशर्त तर मुळीच नाही. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय: चेकबुक, शिक्का आणि ग्रुप त्यांच्याकडे. सहा वर्षं खुर्चीत राहिलेला माणूस वाईट असेलच असं नाही, पण ज्या संस्थेचं चेकबुक एका घरात असतं तिचा नवा अध्यक्ष सहा महिने फक्त सह्या मागत फिरतो. म्हणून सभेच्या निदान दहा दिवस आधी हस्तांतराची यादी करून घ्या, दोन प्रतींत, दोघांच्या सह्यांनी. तिच्यात नोंदणी प्रमाणपत्र आणि नियमावलीची मूळ प्रत, पॅन कार्ड, इतिवृत्ताच्या वह्या, सभासद नोंदवही, मागच्या तीन वर्षांचे ऑडिट अहवाल, पासबुक, चेकबुकातल्या उरलेल्या पानांचे क्रमांक, मुदत ठेवींच्या पावत्या, शिक्का, ई-मेलचा पासवर्ड, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं अ‍ॅडमिनपद. चेकबुकाची पानं मोजून लिहायला लाजू नका. आणि ग्रुपचे तीन अ‍ॅडमिन ठेवा: अध्यक्ष, सचिव, तो अर्धवेळ माणूस. जुने अध्यक्ष ग्रुपमध्ये राहूदेत, अ‍ॅडमिन म्हणून नकोत. हे त्यांना एकट्यात, त्यांच्या घरी जाऊन सांगायचं, सभेत नाही. सोबत त्यांना एक मानाचं पण खरं काम द्या. सरकारी खात्यांशी त्यांची ओळख असेल तर निवेदनांची जबाबदारी त्यांच्याकडे ठेवा. रिकाम्या हातानं खाली उतरलेला माजी अध्यक्ष पुढच्या वर्षी वेगळी संस्था काढतो.

सोसायटी नोंदणी कायदा, १८६० गोव्यात लागू आहे. त्याच्या कलम ४ प्रमाणे वार्षिक सभेनंतर चौदा दिवसांच्या आत नव्या पदाधिकाऱ्यांची यादी निबंधकांकडे द्यावी लागते. ही चौदा दिवसांची गोष्ट लोक विसरतात. मग बँकेत सह्या बदलायला गेलं की बँक ठरावाबरोबर दाखल केलेली यादी मागते, यादी नसते, आणि जुन्याच सह्यांवर वर्ष निघून जातं. सभेच्या दुसऱ्याच दिवशी ठरावाची प्रत, यादी आणि नव्यांची केवायसी कागदपत्रं एका फायलीत लावून ठेवा. चेकवर तिघांपैकी कुठल्याही दोघांच्या सह्या, आणि त्या तिघांत एकाच घरचे किंवा एकाच फर्मचे दोघं नकोत.

त्याच कायद्याचं कलम १५ तुमच्या पन्नास थकबाकीदारांना लागू पडतं. वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली की तो माणूस मत देऊ शकत नाही, सभासद म्हणून मोजलाही जात नाही. पण नुसतं कलम माहीत असून भागत नाही. होतं काय, सभेच्या सकाळी कुणीतरी वीस जणांची वर्गणी रोख आणून टेबलावर ठेवतो आणि वीस मतं तयार होतात. यावर उपाय नियमावलीत: मतदार यादी सभेच्या तीस दिवस आधी बंद, आणि वर्गणी ज्याची त्याच्याच बँक खात्यातून किंवा यूपीआयवरून. यंदाच्या नियमावलीत ही तरतूद नसेल तर यंदा भांडण काढू नका. सभेत दुरुस्ती मांडा, पुढच्या वर्षीपासून लागू करा. आणि गणसंख्या (कोरम) १४० वर मोजायची की ९० वर, हे सभेच्या आधी सचिवानं लेखी ठरवून ठेवावं. म्हणजे तुम्हीच.

आता लोकांकडून काम. अकरातले आठ जण आळशी आहेत असं तुम्हाला वाटतंय. आम्हाला तसं वाटत नाही. त्यांना पद दिलंय, काम दिलेलं नाही. "संघटन सचिव" म्हणजे सोमवारी सकाळी उठून नेमकं काय करायचं, हे त्या बिचाऱ्याला कुणीच सांगितलेलं नसतं. म्हणून पहिल्या बैठकीत प्रत्येक पदासमोर एक ओळ लिहा, तारखेसकट. सहखजिनदार: दर महिन्याच्या ५ तारखेला थकबाकीची यादी ग्रुपवर नव्हे, कार्यकारिणीत. उपाध्यक्ष: ऑक्टोबर आणि जानेवारीतली एकेक कार्यशाळा. पेडणे-बार्देशचा प्रतिनिधी: दर तिमाहीला तिथल्या सभासदांची एक बैठक म्हापशात, कारण मोपाचा विमानतळ झाल्यापासून तिकडचे एजंट वाढलेत आणि ते फोंड्याला येत नाहीत. एका पदाला एकच ओळ. दोन ओळी लिहिल्या की दोन्ही राहतात.

काम मागायची पद्धतही बदलायला हवी. सभेत माइकवरून "कोण पुढे येतंय?" विचारलं की सगळे छताकडे बघतात. एकेकाला, समोरासमोर, नेमकं काम सांगून विचारा: "शनिवारी साडेनऊ ते अकरा नोंदणीच्या टेबलावर बसाल? सोबत आणखी एक जण आहे. अकरानंतर तुम्ही मोकळे." या वाक्यात काम कधी संपणार ते आहे, म्हणून माणूस हो म्हणतो. "कार्यशाळेला जरा मदत करा" यात शेवट दिसत नाही, म्हणून तो "बघतो" म्हणतो, आणि आपल्याकडे "बघतो"चा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. नव्या सभासदाला आधी दोन तासांचं काम द्या. ते नीट झालं तर महिनाभराचं. पद त्यानंतर. आपण उलटं करतो: उत्साही दिसला की थेट सहसचिव, आणि चार महिन्यांनी तो फोन उचलत नाही. सलग दोनदा काम राहिलं तर रागावू नका, "हे दुसऱ्याकडे देऊ का?" एवढंच विचारा. निम्मे लोक सुटल्यासारखे हसतात, उरलेले त्याच आठवड्यात काम करून टाकतात.

एक कार्यशाळा नीट उलगडून दाखवतो, म्हणजे कामाचे तुकडे कसे पाडायचे ते दिसेल. विषय: एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला सातबारासारखा जमिनीचा उतारा, वाचणं. चाळीस माणसं, तीन तास, फोंड्यात. वक्ता म्हणून जमीन व्यवहार करणारा वकील, त्याला तीस दिवस आधी सांगायचं, हे एकाचं काम. हॉल, पंखे, फळा आणि पार्किंग, एकवीस दिवस आधी, हे दुसऱ्याचं. नावनोंदणी आणि माणशी २०० रुपये तिसऱ्याकडे. फुकट ठेवू नका, फुकट ठेवलं की नावं भरपूर येतात, माणसं येत नाहीत. आलेल्या आठ हजारांत चहा, भाजी-पाव आणि छपाई भागते. चौथ्याकडे कागद. पाचव्याकडे आठवड्याभरानं करायचे फोन: काय उपयोगी पडलं, पुढे काय हवं.

यात कसोटी लागते ती चौथ्याची. त्यानं चार उतारे निवडायचे, नावं आणि सर्व्हे क्रमांक काळे करून. पहिला साधा, एकच कब्जेदार. दुसऱ्यात कुळाच्या रकान्यात नाव. तिसऱ्यात इतर हक्कांत मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं, घर. चौथ्यात कब्जेदार म्हणून कोमुनिदाद, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणारी जुनी संस्था. चाळीस जणांचे पाच-पाचचे आठ गट करायचे, प्रत्येक उताऱ्याला दहा मिनिटं, आणि दोनच प्रश्न: सही कुणाकुणाची लागेल, आणि इसार घ्यायच्या आधी कुठला कागद मागाल. पहिल्या साध्या उताऱ्यावरच निम्मे गट चुकतात, कारण उताऱ्यावर नवऱ्याचं एकट्याचं नाव असलं तरी गोव्याच्या कायद्यात दांपत्याची मालमत्ता सहसा सामायिक असते आणि बायकोची सही लागते. मग वकिलानं बोलायचं. आधी वकिलाला बोलू दिलं तर तो दीड तास पोर्तुगीज नागरी संहितेचा इतिहास सांगतो आणि माणसं जेवणाच्या वेळेकडे डोळे लावून बसतात. झेरॉक्सची झेरॉक्स चालणार नाही. फेरफार क्रमांकाचा बारीक रकाना तिच्यात पुसला जातो, आणि सगळा धडा त्या रकान्यातच असतो. नवी प्रिंट काढा, चार पानांचे चाळीस संच, पाच जादा.

या कार्यशाळेतून तुम्हाला पुढचे कार्यकर्तेही कळतात. जो पाचवा माणूस आठवड्यानं चाळीसच्या चाळीस फोन करतो, तो पुढच्या वर्षीचा सचिव.

पुढचे विषयही याच साच्यात बसतात. वर्षाला २० लाखांच्या वर उलाढाल असलेले एजंट २०२० च्या डिसेंबरपासून मनी लाँडरिंग कायद्याखाली आलेत, गिऱ्हाइकाची ओळख आणि नोंदी ठेवण्याची जबाबदारी त्यांच्यावर आहे. मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम आगाऊ म्हणून रोखीनं घेता येत नाही. तुमच्या यादीतल्या किती जणांना हे ठाऊक आहे, विचारून बघा.

कमिशनच्या दराचं मात्र सरळ सांगतो: तो ठराव इतिवृत्तात येऊ देऊ नका. स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ प्रमाणे एकाच धंद्यातल्या लोकांनी मिळून दर ठरवला की त्यानं स्पर्धेला बाधा येते असं कायदा गृहीतच धरतो. "आमचा हेतू चांगला होता" हा बचाव त्यापुढे तोकडा पडतो. संस्थेला तर दंड होतोच, तो उत्पन्नाच्या दहा टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, वर ज्यांच्या हातात कारभार होता त्या पदाधिकाऱ्यांवरही वैयक्तिक जबाबदारी येऊ शकते. हे दूर दिल्ली-मुंबईचं नाही. गोव्यातल्या औषधविक्रेत्यांच्या संघटनेला स्पर्धा आयोगानं २०१२ मध्ये दंड केला होता. "अमक्या बिल्डरचे फ्लॅट कुणी विकू नयेत" असा बहिष्काराचा ठरावही त्याच खड्ड्यात नेतो. आणि ठराव कागदावर नाही, नुसता ग्रुपवर मेसेज आहे, म्हणून सुटका नाही. तोच मेसेज पुरावा ठरतो. ग्रुपवर कुणी दराची चर्चा काढली तर अध्यक्षानं त्याच धाग्यात लिहावं: संस्था दर ठरवत नाही, हा विषय इथं बंद.

सभासदांची खरी तक्रार दराची नसतेच बहुतेकदा. कमिशन बुडतं, ही असते. त्यावर संस्थेला पुष्कळ करता येतं. गिऱ्हाइकाबरोबर किंवा मालकाबरोबर करायच्या लेखी कराराचा नमुना तयार करा: दराची जागा मोकळी, पण कमिशन कधी देय होतं ते स्पष्ट, साठेखताच्या नोंदणीला की विक्रीखताच्या, किती दिवसांत, आणि सौदा मोडला तर काय. दुसरा नमुना दोन एजंटांमधला, वाटणी जागा दाखवायच्या आधी लिहून घ्यायची. एकेका पानाचे हे दोन कागद वकिलाकडून तपासून घेतले तर वर्षभरातली निम्मी भांडणं संस्थेपर्यंत येणार नाहीत.

आलेल्या भांडणाचं काय? निवाडा तुम्ही करू नका. दोघंही आज तुमच्याकडे विश्वासानं बघतायत, पण उद्या एक हरणार, आणि हरलेला माणूस पुढच्या सभेत हिशेबावर प्रश्न विचारायला उभा राहतो. तिघांची समिती नेमा, तिघंही दुसऱ्या तालुक्यांतले, ज्यांचा गेल्या वर्षभरात या दोघांपैकी कुणाशीही व्यवहार झालेला नाही. अध्यक्ष आणि सचिव समितीत नाहीत. तक्रार लेखी, समोरच्याला उत्तराला पंधरा दिवस. कागद कुठले ते आधीच सांगा: मालकाचं किंवा बिल्डरचं लेखी पत्र, गिऱ्हाइकाला पहिल्यांदा जागा दाखवल्याची तारीख, त्या दिवसाचे मेसेज, दोघांचे रेरा (स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) नोंदणी क्रमांक. एकच सुनावणी, तीस दिवसांत लेखी मत. "पहिल्यांदा कुणी दाखवली" एवढ्यावर निकाल देऊ नका. एकानं नुसता फोटो पाठवलेला असतो आणि दुसऱ्यानं सहा महिने मागे लागून कागद जमवलेले असतात. कष्ट कुणाचे, हे विचारा.

आणि हे मत आहे, हुकूम नाही, हे पहिल्याच पत्रात लिहा. बंधनकारक निवाडा हवा असेल तर दोघांनी आधी लेखी लवाद करार करायला हवा. १९९६ च्या लवाद कायद्यात लवादांची संख्या सम चालत नाही, म्हणूनही तिघं. तक्रार खरेदीदाराची असेल, फसवणुकीची किंवा रेराच्या उल्लंघनाची, तर ती संस्थेत मिटवायच्या भानगडीत पडू नका. त्याला पणजीतल्या गोवा रेराकडे जायला सांगा. "आपल्या माणसाला सांभाळून घेऊ" या मायेपोटी दडपलेली एक तक्रार पूर्ण संस्थेचं नाव घालवते.

रेराचा विषय निघालाच आहे म्हणून: २०१६ च्या कायद्यात नोंदणीकृत प्रकल्पातली घरं-भूखंड विकणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची आहे. ती नसेल तर दंड दिवसाला १०,००० रुपये, विकलेल्या मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. तुमच्या यादीत किती जणांकडे क्रमांक आहे ते तपासा. नसलेल्यांना हाकलू नका. त्यातले कित्येक फक्त भाड्याचे किंवा जुन्या घरांचे व्यवहार करत असतील. त्यांचा सहयोगी सभासदांचा वेगळा वर्ग करा. कार्यकारिणीवर मात्र क्रमांक असलेलेच हवेत.

बिल्डरचे दीड लाख. मेळाव्याचा सगळा खर्च दोन लाखांचा असेल तर एकाच माणसाकडून दीड लाख घेणं म्हणजे मेळावा त्याचा आणि पाहुणे तुम्ही. उद्या त्याच बिल्डरनं तुमच्या चार सभासदांचं कमिशन अडवलं तर पत्र कुठल्या तोंडानं लिहिणार? मर्यादा घाला: कुठल्याही एका प्रायोजकाकडून त्या कार्यक्रमाच्या खर्चाच्या पाव हिश्शापेक्षा जास्त नाही. म्हणजे ५०,०००. असे तीन वेगळे शोधा, त्यातली एक बँक असूदे. प्रायोजकाला मिळणार काय तेही लिहून द्या: बाहेर एक टेबल, दोन बॅनर, व्यासपीठावर पाच मिनिटं. संस्था कुठल्याही प्रकल्पाची शिफारस करत नाही, हे वाक्य त्या पत्रात हवंच. पैसे संस्थेच्याच खात्यात. रोख नाही, कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर तर अजिबात नाही.

कराबद्दल थोडक्यात. सभासदांची वर्गणी आणि बँकेतल्या ठेवीचं व्याज हे एका मापानं मोजलं जात नाही. व्याजावर कर लागतो, त्यामुळे "आपली संस्था ना-नफा आहे" म्हणून विवरणपत्र न भरणं चूक. प्रायोजकत्व, कार्यशाळांची फी, सगळं मिळून वर्षाला २० लाखांच्या जवळ जायला लागलं की जीएसटीसाठी सीएला विचारा. आज तुम्ही त्यापासून लांब आहात.

जाहीर भूमिकांचं एक जपा. नगरनियोजन कायद्याच्या कलम ३९-अ खालच्या झोनबदलांवरून (जमिनीचा ठरलेला वापर बदलण्यावरून) गोव्यात वातावरण तापलेलं आहे, आणि पत्रकार अध्यक्षाला थेट फोन करतात. कार्यकारिणीचा ठराव झाल्याशिवाय संस्थेच्या नावानं एक शब्दही बोलू नका. आणि तुमच्या एखाद्या गिऱ्हाइकाचा झोनबदलाचा अर्ज चालू असेल तर त्या चर्चेत तुम्ही खोलीबाहेर, इतिवृत्तात तशी नोंद.

वर्षाची आखणी इथल्या पंचांगानं करा. एप्रिल-मेमध्ये हिशेब आणि ऑडिट, जूनमध्ये नोटीस, जुलैत सभा. श्रावण लागला की माणसं जमत नाहीत, आणि चतुर्थीच्या आधी-नंतरचा आठवडा तर कुणाला फोनही करू नये. ऑक्टोबरला पहिली कार्यशाळा. नोव्हेंबरपासून बाजार जोरात आणि वर गावोगावच्या जत्रा, म्हणून जानेवारीपर्यंत दुसरं काही ठेवू नका. मार्चच्या पहिल्या आठवड्यात वर्गणीची आठवण. एवढंच. वर्षाला दोन कार्यशाळा आणि एक मेळावा नीट होणं पुष्कळ झालं.

मुदत आजच ठरवा: दोन वर्षं. आणि पहिल्याच वर्षी पुढचा अध्यक्ष निवडून त्याला उपाध्यक्षपदी बसवायचा ठराव मांडा, म्हणजे दुसऱ्या वर्षी बँकेपासून निबंधकांपर्यंत प्रत्येक फेरीला तो तुमच्यासोबत असेल. पत्नीलाही तारीख सांगा. "बघू" नको, तारीख.

कार्यकारिणीला पाठवायचा मजकूर असा ठेवा: "अध्यक्षपद स्वीकारायची माझी तयारी आहे, दोन वर्षांसाठी. सभेच्या दहा दिवस आधी हस्तांतराची यादी दोघांच्या सह्यांनी पूर्ण व्हावी. अर्धवेळ कर्मचारी नेमण्याचा ठराव सभेच्या विषयपत्रिकेवर असावा. प्रत्येक पदाचं काम पहिल्या बैठकीत लेखी ठरेल. यातलं पहिलं झालं नाही तर मी सचिवपदाचीही मुदत संपवून थांबेन." पाठवल्यावर आठवडाभर त्यावर फोनवर बोलू नका, उत्तर लेखी येऊद्या. आणि त्या बिल्डरचा चेक आलाच असेल तर तो खात्यात भरू नका, नव्या कार्यकारिणीची पहिली बैठक होईपर्यंत फायलीत ठेवा. चेकची मुदत तारखेपासून तीन महिने असते.